भिंतीवरची हळदीची रेघ

१

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी दीपा थूलनं उमरडोहच्या वीजघराचं कुलूप काढलं आणि दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. तिनं पंख्याचं बटण दाबून पाहिलं. पंख्यानं अर्धी गिरकी घेतली आणि तो जागीच थांबला.

परवा दुपारी चारही बॅटऱ्या काठोकाठ भरल्या होत्या. काल पोळा, म्हणून परवा संध्याकाळपासूनच अभ्यासिकेला सुट्टी. कोणी एक दिवासुद्धा लावला नव्हता. कुलूप शाबूत, खिडकीचे गज शाबूत, बॅटऱ्या जागच्या जागी. चोरीला गेली होती ती फक्त त्यांच्यातली वीज.

दोन हजार सहाचं साल होतं. चौदा-चौदा तास लोडशेडिंग. त्या वर्षांत पांढरकवड्याकडच्या गावांची नावं पेपरात यायची ती वाईट बातमीसाठीच. उमरडोहचं नाव मात्र एकदा चांगल्या कारणासाठी छापून आलं होतं, ते या वीजघरामुळं. ट्रकच्या चार बॅटऱ्या, आणि त्या भरायला दोन यंत्रं: एक भगवानराव गावंड्यांचा डिझेल जनरेटर, दुसरा जुन्या एसटी गाडीचा डायनॅमो, जो उकंडा आत्रामांची बैलजोडी गोल फिरून चालवायची. संध्याकाळी त्यावर अभ्यासिकेत चार दिवे लागायचे आणि पंचवीस पोरंपोरी वाचायला बसायच्या. किल्ली एकच, आणि ती दीपाच्या ओढणीला बांधलेली. डी.एड. होऊन दोन वर्षं नोकरीची वाट पाहणाऱ्या त्या मुलीला गावानं दिलेली ती पहिली जबाबदारी होती.

गावात अशी बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? आठ वाजायच्या आत भगवानराव दारात हजर. ते समितीचे अध्यक्ष, बोलणं मोजकं. म्हणाले, किल्ली तुझ्याकडं, म्हणजे जबाब तुझा. चार वाजता समिती बसेल. तोवर वीज कुठं गेली ते सांगितलं नाही, तर किल्ली टेबलावर ठेवायची. जाता जाता आवाज खाली आणून ते आणखी एक वाक्य बोलले, की पोळ्याला कोणाच्या घरी सिनेमे चालले ते लोक विचारतीलच.

ते शेवटचं वाक्य, तिच्याच घरावर रोखलेलं, दीपाला झोंबलं. ती तडक धर्मपाल मिस्तरींच्या घरी गेली.

२

धर्मपाल मुनेश्वर पलंगावर बसून कालची पुरणपोळी दुधात बुडवून खात होते. पोळी उकंडाबाबांच्या घरची; दर पोळ्याला तीन यायच्या, तिसरी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवायची हा मिस्तरींचा नेम. एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढलेला हा माणूस. कोणी त्यांना वायरमन म्हटलं की ते थांबवून सांगायचे, ऑटो इलेक्ट्रिशियन. वीजघरातली एकूण एक तार त्यांच्या हातची होती आणि आपल्या हातच्या कामाबद्दल त्यांना जरा जास्तच प्रेम होतं. ते पुढं कसं आडवं आलं, ते कळेलच.

दीपाचं बोलणं ऐकून घेत त्यांनी पोळी संपवली. मग बोटं पुसत म्हणाले, "रडू नको पोरी. वीज हवेत नाही उडत. गेली तं कुठून तरी गेली, आन् जिथून गेली तिथं खूण ठेवून गेली."

वीजघरात त्यांनी काचेची नळी काढली आणि एकेका बॅटरीतलं पाणी ओढून पाहिलं. नळीतला तरंगता दांडा प्रत्येक वेळी तळाला बसला. एखादी बॅटरी खराब असती तर तीच एकटी मेली असती. इथं चारही सारख्याच रित्या होत्या. म्हणजे कोणीतरी, काहीतरी, ही वीज खरोखर वापरली होती.

भिंतीवर तीन मीटर होते. एक डिझेलचा, एक बैलांचा, एक दिव्यांचा. दीपानं पोरांना सोपं करून शिकवलं होतं: काटा खिडकीकडं कलला की वीज आत येते, दाराकडं कलला की बाहेर जाते. आता तिन्ही काटे मधोमध, शून्यावर.

भिंतीपलीकडं टिनाची पडवी, तिच्यात डायनॅमो. मिस्तरींना तो पाहून हसूच आलं. त्याच्या चाकावरचा पट्टा काढून खुंटीला टांगला होता, पट्ट्याला झेंडूची माळ, आणि चाकाला हळद-लोणी चोपडलेलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात, ती खांदेमळणी. उकंडाबाबांनी डायनॅमोचीही केली होती.

हसत हसत त्यांनी डायनॅमोवर हात ठेवला आणि ते हसायचे थांबले. लोखंड कोमट होतं. आभाळ भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही, आणि बैल परवा दुपारपासून सुटलेले.

मागच्या भिंतीवर एक पिवळी रेघ होती. बोटभर रुंद, जमिनीपासून थेट टिनापर्यंत, ओळंबा लावून काढावी इतकी सरळ. दीपा म्हणाली, पोरांनी पोळ्याचा रंग उडवला असेल. मिस्तरींनी रेघेवर बोट फिरवून वास घेतला. रंग नव्हता, हळद होती.

"हा डायनॅमो कोनी तरी फिरवला," ते म्हणाले. "पन पट्टा तं खुंटीवर हाय. मंग फिरवला कशानं?"

३

पडवीला लागून रुक्माबाईंचं घर. त्यांना काही विचारावं लागलं नाही, त्याच सुरू झाल्या. परवा दिवेलागणीपासून पडवीत भुंगा शिरला होता म्हणाल्या, मोठा, घुंई-घुंई करणारा. काल दिवसभर तेच. त्यांनी खिडकीत कडुनिंबाचा धूर केला तरी मेला हटला नाही. आज पहाटे कोंबडा आरवला तेव्हा कुठं त्याचा आवाज बारीक बारीक होत गेला आणि बंद पडला. मिस्तरींनी त्यांना विचारलं, भुंगा मधे कुठं थांबला होता का, बसला होता का? रुक्माबाई म्हणाल्या, एका सुरात, बाप्पा, श्वासबी नाही घेतला.

पुढं भगवानराव. ते ओसरीवर होते आणि रागात होते. त्यांनीच मिस्तरींना जनरेटरपाशी नेलं, टाकीत काडी बुडवून दाखवली. परवाच्या खुणेइतकंच डिझेल होतं. म्हणजे जनरेटर मधे चालला नव्हता. मिस्तरींनी सरळ विचारलं, किल्ली काढून घेऊन द्यायची कोणाला? भगवानराव जरा अडखळले. पुतण्या बंटी रिकामाच आहे, म्हणाले, बसस्टँडवर मोबाइल चार्ज करून देतो, त्याला वायरींचं कळतं. मिस्तरींनी मान हलवली. माणसाला आपल्या घरचा दिवा जरा मोठाच दिसतो, यात नवल काही नाही.

आणि बंटीवर संशय घ्यायला जागा होती. काल पोळ्याला बैल उभे करतात त्या तोरणाखाली दिवसभर त्याचा भोंगा वाजत होता, आणि वीज तर गावात नव्हती. मिस्तरींनी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. बंटीनं मुकाट्यानं ट्रॅक्टरचा बोनट उघडून दाखवला. भोंग्याच्या तारा त्या बॅटरीला अजून लागलेल्या होत्या.

"मंग तू काल वीजघराकडं गेलाच नाही?" मिस्तरींनी विचारलं.

बंटीचे कान लाल झाले. गेलो होतो, म्हणाला, भर दुपारी, खिडकीतून डोकावायला. कशाला, ते त्याच्यानं सांगवेना. मिस्तरींनीही ताणून धरलं नाही. दीपा दुपारची तिथं वाचत बसते हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि विशी-पंचविशी त्यांनीही पाहिली होती.

"आत कोनी नोहतं," बंटी म्हणाला. "पन मले एक गोष्ट पटली नाही. दिव्याचा काटा शून्यावर होता, डिझेलचा शून्यावर, आन् बैलाचा दाराकडं. बैल तं तोरनात उभे होते, मिस्तरी."

मिस्तरींनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. वीज दिव्यांत गेली नव्हती, कोणी चोरली नव्हती. ती ज्या वाटेनं आत आली, त्याच वाटेनं परत गेली होती, डायनॅमोकडं. बॅटऱ्यांनी उलट डायनॅमोच फिरवला होता, रुक्माबाईंचा भुंगा होऊन, दीड दिवस. डायनॅमोला वीज दिली की तो मोटर होतो, हे वर्कशॉपात शिकाऊ पोरालाही माहीत असतं.

पण तसं होऊ नये म्हणून तर मधे कटआऊट असतो. काळी लहानशी डबी. विहिरीच्या पाइपाला खाली फूटवॉल असतो ना, वर चढलेलं पाणी परत विहिरीत पडू नये म्हणून? अगदी तेच काम. डायनॅमोचा जोर बॅटऱ्यांपेक्षा जास्त असला की डबीतले दोन ठोके चिकटतात आणि वीज आत येते. जोर कमी पडला की ठोके आपोआप सुटतात आणि वाट बंद. सकाळपासून मिस्तरींनी सगळं तपासलं होतं, तेवढी डबी सोडून. ती त्यांनी स्वतः बसवली होती आणि तिच्यात खोट असेल हे मनालाच शिवलं नव्हतं. आता मात्र ती शंका आली. दोष आपला निघाला तर?

४

ते वीजघरात परतले, डबीचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि जसंच्या तसं बंद केलं. दीपा विचारत राहिली. ते तसेच उकंडाबाबांच्या शेतातल्या गोठ्याकडं निघाले.

उकंडाबाबा सकाळपासून तिथंच होते, गावातलं त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. कोसा आणि बांड्या, दोघांच्या शिंगांना लाल वार्निश, वर बेगड. उकंडाबाबांचा चेहरा उजळलेला. दोघं म्हातारे एकाच वर्षी शाळेतून पळालेले दोस्त, त्यामुळं बोलण्यात आडपडदा नव्हता. मिस्तरींनी पोळीची तारीफ केली, बैलांची केली, मग हळूच विचारलं, की परवा डिझेल आणि बैल दोन्ही संगं चालले होते ना?

उकंडाबाबांना तेच सांगायचं होतं. दीपानं सणाआधी बॅटऱ्या भरून ठेवायच्या म्हणून दोन्ही लावले होते. आणि परवा पहिल्यांदा, डिझेल चालू असताना, त्यांच्या बैलांच्या काट्यानं उडी मारली. एरवी डिझेल सुरू झालं की तो काटा पडायचा, परवा मात्र चांगला कलला. आणि गंमत म्हणजे बैल इतके हलके चालले, की घामाचा थेंब नाही.

"कोन्या अंगाले कलला?" मिस्तरींनी विचारलं.

उकंडाबाबांनी ओठ पुढं काढून दिशा दाखवली. खिडकीच्या नव्हे, वीजघराच्या दाराच्या अंगाची.

मिस्तरींनी मग खांदेमळणीचं विचारलं. ती दुपारी केली, बैल सुटल्यावर, उकंडाबाबा म्हणाले. दीपानं तेव्हा बॅटऱ्यांचा मोठा खटका पाडून सगळं बंद केलेलं होतं, यंत्र गार होतं. "पोळ्याले कोनाच्याच खांद्यावर जू ठेवत नाही आपुन. तोबी वर्षभर वढते बिचारा. त्याचाबी पट्टा उतरवला, खांदा मळला, आन् कानात सांगतलं, आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

जुनं जू भिंतीला टेकवलेलं होतं. जुवाच्या टोकाची शिवळ, म्हणजे बैलाच्या मानेजवळची ती उभी खुंटी, घासून घासून काळीभोर झालेली. तिच्या एका अंगावर कोयत्यानं खपली काढल्याची ताजी खूण, आत लाकूड पांढरं दिसत होतं. मिस्तरींनी ते पाहिलं. दोस्ताकडं पाहून त्यांना बरं वाटेना. दीपाचं नाव धुवायचं तर ते या माणसाच्या अब्रूच्या पाण्यानं धुवावं लागणार होतं.

"चार वाजता वीजघरात ये," एवढंच ते म्हणाले, आणि निघाले.

५

चार वाजता समिती बसली. बाहेर पोरांचा तान्हा पोळा चालू होता, लाकडी बैलांच्या चाकांची खडखड आत ऐकू येत होती. टेबलावर दीपानं आधीच किल्ली काढून ठेवली होती, कोणी मागायच्या आत. त्या मुलीची मान ताठ होती.

मिस्तरींनी सगळ्यांना आधी पडवीत नेलं आणि भिंतीवरची रेघ दाखवली. ओली हळद चाकावर, आणि चाक गरागरा फिरलं, तर हळद कुठं उडणार? समोर एका ओळीत. म्हणजे चाक फिरलं ते खांदेमळणीनंतर. पट्टा तर खुंटीवर, म्हणजे बैलांनी फिरवलं नाही. डिझेल काडीभर कमी झालेलं नाही. संध्याकाळी दीपानं नेहमीच्या सवयीनं मोठा खटका वर करून बॅटऱ्या पुन्हा जोडल्या, कुलूप लावलं आणि घरी गेली. बाहेर डफडी वाजत होती, पलीकडची घुंई तिला ऐकू आली नाही. त्या घटकेपासून आज पहाटेपर्यंत बॅटऱ्या रिकाम्या चाकाला फिरवत बसल्या. रुक्माबाईंनी ते ऐकलं आणि आणखी एकानं काटा डोळ्यांनी पाहिला. बंटीनं जमिनीकडं पाहत हात वर केला.

"पन तुमची ती डबी?" भगवानरावांनी नेमकं बोट ठेवलं.

मिस्तरींनी झाकण उघडलं. दोन ठोक्यांवर लाकडाची पातळ खपली दाबून बसवली होती, ठोके सुटूच नयेत अशी. तिच्या काळ्या बाजूला एक पांढरा, आखूड केस चिकटलेला होता. बैलाचा.

"पयला गुन्हेगार मी," मिस्तरी म्हणाले. "या झाकनाचा स्क्रू म्या लावलाच नाही. दुसरं म्हंजे..."

"दुसरं म्या सांगतो," मागून आवाज आला. उकंडाबाबा उभे राहिले होते. टेबलावरची किल्ली आणि दीपाचा चेहरा पाहून त्यांना सारं कळलं होतं. "खपली म्या घातली. पोरगी चहा आनाले गेलती तवा. मिस्तरी, तूच तं बसवताना बोटानं दाबून दाखवलं होतं, का हे असं चिकटलं का काटा हालते. आन् तूच म्हनला होता, डिझेल आन् तुह्ये बैल जोडीनं भरतीन. कुठं भरते जोडीनं? डिझेल चालू झालं का माह्या बैलाचा काटा शून्यावर. दिवसभर फिरून शून्य. पाहनारे हासत. मले वाटलं, तेवढं दाबून ठेवलं तं त्यायची मेहनत मोजल्या जाईन."

हसणाऱ्यांपैकी दोघं समितीतच होते.

मिस्तरींनी मग हळू आवाजात समजावलं. डिझेलचा जोर मोठा. त्यानं बॅटऱ्या वर चढवल्या की बैलांचा जोर त्याखाली पडतो, म्हणून डबी त्यांची वाट बंद करते. खपली घातल्यावर काटा हलला खरा, पण दाराकडं. बैलांना घाम आला नाही, कारण त्या दिवशी बैल डायनॅमो ओढत नव्हते, डायनॅमोच बैलांना ढकलत होता.

हे ऐकून आधी बंटी हसला, मग भगवानराव, आणि थोड्या वेळानं उकंडाबाबाही. हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांनी दीपासमोर हात जोडायला घेतले, तसे तिनं ते धरले. "आबाजी, तुमच्या बैलाइचा काटा शून्यावर पडते हे म्या रोज पाहत होती," ती म्हणाली. "काहून पडते, हे विचाराचं मलेच सुचलं नाही."

भगवानरावांनी किल्ली उचलली, दीपापुढं धरली, आणि सकाळचं ते सिनेमाचं बोलणं मागं घेतो असं सगळ्यांदेखत म्हणाले. त्यांच्यासारख्या माणसाला ते सोपं नव्हतं.

"मंग आता बैल सोडाचे का?" उकंडाबाबांनी विचारलं. मिस्तरींनी डबीतली खपली उपसून काढली. तेव्हा उकंडाबाबाच म्हणाले, "जोडीतला एक बैल जोरदार असला तं आमी जू दांडीले बांधाचा नाडा मधात नाही ठेवत. त्याच्याकडं सरकवतो. मंग वजन त्याच्यावर जास्त येते, तो जरा दमानं चालते, आन् दुसऱ्यालेबी वढाले भेटते. तुह्या डिझेलचा नाडा नाही का सरकत?"

एकतीस वर्षं एसटीत काढलेले मिस्तरी त्यांच्याकडं बघतच राहिले. डिझेलची वीज बॅटऱ्यांत घालणाऱ्या चार्जरला जोर कमी-जास्त करायचा एक स्क्रू होता. बसवल्या दिवसापासून त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

६

रित्या बॅटऱ्या कोणाचीही वीज घेतात, म्हणून खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी झाली, त्या भरत आल्या तेव्हा. जनरेटर फटफटत होता. मिस्तरींनी कटआऊटच्या झाकणाला सगळ्यांदेखत स्क्रू मारला, मग चार्जरचा स्क्रू पाव आटा मागं घेतला. दीपा मीटरसमोर उभी होती. बाहेर उकंडाबाबांनी बैलांना हाक दिली.

डिझेलचा काटा थोडा उतरला, पण खिडकीकडंच राहिला. बैलांचा काटा शून्यावर थरथरला, थांबला, आणि मग हळूहळू त्याच बाजूला कलला. दीपानं खिडकीतून ओरडून सांगितलं. बंटी नेमका त्याच खिडकीशी उभा होता. त्याच्या कानठळ्या बसल्या, पण त्यानं तक्रार केली नाही.

बैल थांबले तेव्हा उकंडाबाबांनी कोसाच्या पाठीवरून हात फिरवला. मग तो तळहात तसाच घेऊन ते आत आले. त्यांनी मीटरकडं पाहिलंसुद्धा नाही. ओला हात त्यांनी मिस्तरींच्या डोळ्यांपुढं धरला.

"घाम आला," ते म्हणाले.

मिस्तरींनी त्या हाताला हात दिला. त्या संध्याकाळी अभ्यासिकेत चारही दिवे लागले आणि दीपानं किल्ली ओढणीच्या टोकाला पुन्हा घट्ट बांधली.